हद्दीपर्यंत पाठवलं होतं

शाळेतले मास्तर गेल्या महिन्यात घरी आले. गावातल्या फौजींचं एक पुस्तक काढायचं आहे, तुम्ही सगळ्यांत जुने, एखाद्या शूर माणसावर लिहा, म्हणाले. मी तिसरी शिकलेला माणूस. पण माझं अक्षर गावात कुणाहून वाईट नाही, आणि कुणी लिहा म्हटलं तर मी मागं सरत नाही. मी म्हटलं, "लिहितो. पण हौसावैनीवर लिहीन."

मास्तर म्हणाले, "आवं आबा, त्या फौजेत कुठं होत्या?"

"मग जावा, दुसऱ्याकडनं लिहून घ्या."

मास्तर गेले नाहीत. चहा प्यायले, मान हलवली आणि वही ठेवून गेले. म्हणून हे लिहितोय. पुस्तकात घालायचं तर घालावं, नाहीतर परत द्यावं. काटछाट चालणार नाही.

हौसावैनी माझी शेजारीण. सख्खी भावजय नव्हे. तिचा नवरा भावकीतला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून वैनी. तो लवकर गेला. मागं राहिली ही, एक पोरगा संपत, आणि नदीकडच्या उताराला दीड एकर हळदीचं रान. आमच्या दोघांच्या परड्यांमध्ये दगडांचा बुटका गडगा आणि त्याला लागून शेवग्याचं झाड आहे. खोड तिच्या बाजूला, फांद्या माझ्या बाजूला. इतकी वर्षं ती गडग्यावरून डोकं काढून विचारायची, "भाऊजी, चार शेंगा काढू का?"

मी म्हणायचो, "आवं, झाड तुमचंच हाय की."

"झाड माझं, पण सावली तुमच्यात पडती. इचाराय काय जीभ झिजती?"

विचारायची तिला खोडच होती. बैलाला जुवाखाली घेताना आधी त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, "काय रं, निघायचं का?" आणि बैल मान हलवीपर्यंत थांबायची. एकदा बैलानं मान हलवली नाही. ही आपली उभी. उन्हं वर आली. मी गडग्यावरून म्हटलं, "वैनी, साहेबांची रजा हाय काय आज?" तर म्हणाली, "गप बसा. त्येचा इचार चाललाय."

माघापासून चैत्रापर्यंत तिचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. हळद उकडायची, वाळवायची, चोळायची, पुन्हा वाळवायची. बोलणं मोठ्यानं, चालणं भराभरा. माझी फौजेतली सोळा वर्षं लांगरी म्हणून गेली. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. पण लांगरीही वर्दीच घालतो, आणि पत्राच्या पाकिटावर माझा फौजी नंबर होताच. मी पारावर फौजेच्या गोष्टी काढल्या की ही पाण्याला जाता जाता ओरडायची, "भाऊजींनी लय लढाया मारल्या! समूर कांदं हुतं, एक जित्ता सोडला न्हाई!" पार खदाखदा हसायचा. मला राग यायचा. आता तसा आवाज कुणी देत नाही.

आमची वाडी उंब्रजच्या पलीकडं, नदीच्या अंगाला. घरटी एक माणूस फौजेत. वाडीची एक चाल आहे. पोरगं पहिल्यांदा भरती होऊन निघालं की भैरोबाच्या पायरीशी गाव जमतं. गावातला सगळ्यांत जुना फौजी पोराच्या आईला सगळ्यांदेखत विचारतो, "बाई, पोरगं देशाच्या हद्दीवर पाठवतोय. पाठवू का?" आई म्हणते, "पाठवा." मग ती त्याच्या हातावर दही घालते आणि पोरगं एसटीत चढतं. आईचं तोंड उघडल्याशिवाय गाडी हलत नाही, कंडक्टरलाही हे ठाऊक आहे. नको असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. विचारायचं म्हणून विचारायचं, म्हणायचं म्हणून म्हणायचं.

संपतच्या वेळी विचारणारा मी होतो. "पाठवू का?" म्हणालो. वैनी दह्याची वाटी हातात धरून तशीच उभी.

"कुठपतूर?" म्हणाली.

गाव हसलं. मागनं कुणीतरी म्हणालं, "पेन्शनीपतूर, हौसाक्का!"

मी जरा चिडलोच. चालीत असलं काही नव्हतं. म्हटलं, "हद्दीपर्यंत. देशाच्या हद्दीपर्यंत."

"बगा हं, भाऊजी. तुमी म्हनताय."

"मी म्हणतोय."

"मग पाठवा," म्हणाली, आणि दही घातलं.

दोन वर्षांनी संपतचं मद्रासकडनं पत्र आलं. आम्ही बोटीनं पलीकडं चाललोय, लंकेत, काळजी करू नका, आईला सांगा इथं मासे लय मिळतात. पत्र मीच वाचून दाखवलं. वैनी एवढंच म्हणाली, "पलीकडं म्हंजे?" मला नीट सांगता आलं नाही. पुढं तीन महिन्यांनी तार आली, आणि त्यानंतर कलश.

कलश घेऊन एक तरणा साहेब आला होता, उत्तरेकडला. लय अदबीचा. वैनी रडली नाही. तिनं त्याला पाटावर बसवलं आणि विचारलं, कुठं गेला? "श्रीलंका में, माताजी." ते कुठं? साहेबानं अंगणातली एक काडी उचलली आणि मातीत रेघ ओढली. हा आपला देश. मग खाली एक गोल काढला. ही लंका. वैनी वाकली, रेघ आणि गोल यांच्यामधल्या कोऱ्या मातीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "साहेबाला म्हनावं, हितं काय हाय?"

"समुद्र," मी म्हटलं.

"ह्यो वलांडाय कुनी सांगितलं?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं. साहेब खाली बघत राहिला. मग वैनीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्या लेकरालाबी कुनी इचारलं नसंल. हात धुवा म्हनावं, भाकरी खाऊन जा." आणि त्याला पोटभर वाढलं. तो पोरगा जेवताना रडला, ही नाही.

तो गेल्यावर ती माझ्याकडं वळली. "भाऊजी, तुमी हद्दीपतूर म्हनला हुता."

मी म्हटलं, "सरकारचा हुकूम असतो, वैनी. फौजेत इचारत न्हाईत."

"फौजेत न्हाई इचारत, ठावं हाय. पन फौज पाठवताना कुनाला तरी इचारत असतील का न्हाई?"

मग ती मास्तरांकडं गेली. त्यांनी पेपर वाचून सांगितलं की दोन देशांत करार झाला, वरच्या लोकांच्या सह्या झाल्या आणि फौज गेली. वैनीनं विचारलं, दिल्लीला मोठी सभा भरती म्हणत्यात, तिथं हात वर करून घेतले का? मास्तर म्हणाले, माझ्या वाचण्यात नाही. "मग आमच्यात बैल जुपतानाबी ह्याच्यापरास जास्ती इचारत्यात," असं म्हणून ती उठली.

त्या उन्हाळ्यात तिनं आसपासच्या वाड्यांतल्या फौजींच्या आया गाठल्या. कुठं हळद उकडायच्या काहिलीपाशी, कुठं दळणाला, कुठं उंब्रजच्या बाजारात. अर्ज करायचा ठरला. लिहायला मला सांगितलं. मला पटलेलं नव्हतं. देशानं हुकूम दिला की शिपायाच्या आईनं तोंड उघडू नये असं माझं मत होतं आणि ते मी बोलून दाखवलं. पण ती चारचौघींत म्हणाली, "मत भाऊजींचं काय का असंना, अक्शर मोत्यावानी हाय." म्हणून लिहिलं. लिहिलं ते असं: आम्ही आमची पोरं देशाच्या हद्दीपर्यंत दिली आहेत. हद्दीबाहेर पाठवायची तर आधी सभेत विचारा. न विचारता नेलेली परत आणा.

खाली आयांची नावं लिहिली. राहिले अंगठे. पंचायतीतली शाईची डबी कुलपात आणि शिपाई लग्नाला गेलेला. बाया हळद उकडायला जमलेल्या, सगळ्यांचे हात भरलेले. एक म्हणाली, "ही काय शाई न्हाई व्हय?" आणि ओल्या हळदीत अंगठा बुडवून कागदावर उठवला. बघता बघता सगळ्यांनी उठवले. पिवळेजर्द अंगठे, ओळीनं. वैनी म्हणाली, "चांगलं झालं. शुभ असतंय."  जन्मभर माझ्या हातात हळद असूनही पुढं काय होणार ते त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

अर्ज सातारला नेऊन एका कचेरीत दिला. कारकून भला होता. वर पाठवतो, चार-सहा महिन्यांनी या, म्हणाला. सहा महिन्यांनी गेलो. फाईल खिडकीतल्या टेबलावर होती, मावळतीचं ऊन येतं त्या बाजूला. त्यानं कागद काढला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, "आजी, ह्याच्यावर नावं आहेत. अंगठा कुणाचाच नाही."

खरंच नव्हता. माझी शाईतली अक्षरं तशीच आणि त्यांच्यापुढं कोरा कागद. हळदीचा रंग उन्हात उडतो. आमच्यातल्या बारक्या पोरीलाही ते ठाऊक असतं, लुगड्यावर डाग पडला की आम्ही उन्हातच टाकतो.

मला वाटलं वैनी तिथं कुणाला तरी बोलेल. ती कागद घडी करून कमरेला खोचून बाहेर आली. एसटीत बसल्यावर हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "साऱ्या जगाला हळद इकतो आमी, भाऊजी! आनि आमालाच ठावं न्हाई!" मग अर्ध्या वाटेपासून पुढं गप्प झाली ती घर येईपर्यंत.

दुसऱ्यांदा शाई घेऊन फिरली. पण या खेपेला अर्ध्या आयांनी अंगठा दिला नाही. एकीच्या पोराला बढती मिळणार होती. एकीला सासऱ्यानं तंबी दिली. एक म्हणाली, "हौसाक्का, दमले बाई. तुझं तरी गेलंय, माझं अजून तिथं हाय." वैनी तिच्यावर रागावली नाही. तो अर्ज गेला, त्याचंही उत्तर नाही. नव्वद साली फौज परत आली. अर्जामुळं आली असं मी म्हणणार नाही, तीही म्हणाली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही दोघांची हळद एका टेम्पोत भरून सांगलीच्या बाजाराला गेलो. सौदा व्हायला वेळ होता. अडत्याच्या गाळ्यासमोर एक बाई हळकुंडांच्या ढिगाखालची माती झाडून सुपात घेत होती. काळीसावळी, हाडं वर आलेली. पाठीशी सहा-सात वर्षांची पोरगी. हमाल म्हणाले, "ती लंकेची हाय. तिकडच्या लढाईतनं पळून आलीया. इरोडच्या ट्रकातनं कुनीतरी आनून सोडली." तिकडं मद्रासच्या बाजूला एका मोठ्या पुढाऱ्याचा खून झाला होता, तेव्हापासून त्या लोकांकडं सगळेच वाकड्या नजरेनं बघत. निर्वासितांच्या छावणीतून बऱ्याच जणी अशा वाट फुटेल तिकडं निघाल्या होत्या.

वैनीनं "लंकेची?" म्हटलं आणि बसली होती तिथनं उठली. एका मद्राशी हमालाला मध्ये घालून ती त्या बाईशी बोलत बसली. बाईचं नाव सेल्वी. नवरा लढाईत गेला, घर जळालं. एवढं मला लांबून कळलं. थोड्या वेळानं बघतो तर वैनी पोरीच्या तोंडात आमच्या गठळ्यातली भाकरी मोडून घालतेय. आणि परतीच्या टेम्पोत रिकाम्या पोत्यांवर आम्ही दोघांच्या ऐवजी चौघं.

मी वाटेत विचारलं, "वैनी, हिचा नवरा कुनाच्या गोळीनं मेला?"

"इचारलं न्हाई."

"तुमी? तुमी इचारलं न्हाई?"

"न्हाई."

"तो तिकडच्या बंदूकवाल्यांतला असला तर? त्यानंच संपतवर…"

वैनीनं माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड त्या वेळी लय म्हातारं दिसलं. "आनि आपल्यातल्या कुनी त्येला मारलं असंल तर? माझ्या पोरानंच मारलं असंल तर? भाऊजी, हे इचारून मी ह्या पोरीला कुठं बसवू?"

गावात गलका झाला. ज्यांनी पोरगं खाल्लं तेच घरात घेतले, हौसाक्काचं डोकं फिरलं. मीही तिच्या घरचा चहा बंद केला. उंब्रज ठाण्यातनं जमादार आले. ते म्हणाले, परदेशातली बाई आहे, असं ठेवता येत नाही. गावाची हरकत नसावी, आणि कुणी माजी सैनिक जामीन राहिला तर वर लिहून बघतो. नाहीतर आठ दिवसांत मद्रासकडच्या छावणीत परत. आठ दिवस म्हणजे आठच दिवस.

वैनी गडग्यापाशी आली. मी पाठ करून गुरांना वैरण टाकत राहिलो. म्हणाली, "भाऊजी, तुमची सही लागती."

"मी फौजी हाय, वैनी. ज्यांनी आमची पोरं मारली त्यांना मी जामीन ऱ्हानार न्हाई."

"तुमी लांगरी हाय. लांगरी पंगतीला बसलेल्याचं गाव इचारत न्हाई, मला वाटलं हुतं."

मी वळलो नाही.

मग ग्रामसभा झाली, भैरोबाच्या पटांगणात. पहिला उठला शिवा. त्याच्या भावाचा पाय लंकेत सुरुंगावर गेलेला. शिवा वाईट माणूस नव्हे. तो म्हणाला, "माझा भाऊ कुबड्यांवर फिरतोय आनि त्या मुलखातली बाई आमच्या आडाचं पानी भरनार? हौसाक्का, तुमाला तरी लाज वाटाय पायजे. संपत तुमचाच हुता न्हवं?"

सगळे वैनीकडं बघायला लागले. ती बायकांत मागं बसली होती, ती उठून पुढं आली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही.

"शिवा, लेका, माझा संपत तिच्या गावात बंदूक घिऊन गेला. गेला तवा त्या बाईला कुनी इचारलं हुतं का, येऊ का म्हनून? मला इचारलं हुतं का? ह्या गावाला? तुझ्या आईला? कुनाला न्हाई. इचारल्याबिगर आपन तिच्या दारात गेलो. आनि ती माझ्या दारात आली ती हात जोडून, इचारून आली. आता गावानंच सांगावं, दोघांत रीत कुनी पाळली."

मग ती माझ्याकडं वळली. मी पायरीवर बसलो होतो, नेहमी बसतो तिथं, सगळ्यांत जुना फौजी म्हणून. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि मी बायांना ज्या सुरात विचारतो त्याच सुरात मला विचारलं, "भाऊजी, बाई आनि पोर गावात ठेवतोय. ठेवू का?"

आमच्या चालीत ह्याला एकच उत्तर आहे. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी खाली बघितलं.  शेवटी सरपंच म्हणाले, पुढच्या सभेत बघू, आणि लोक धोतरं झटकत उठले.

वैनी मला काही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि माझं बरं झालं असतं.

सातव्या दिवशी सकाळी गडग्यावरून बघतो तर तिच्या ओसरीवर तीन गठळी. सेल्वी कोपऱ्यात, पोरगी तिच्या मांडीवर. वैनी कोयंड्याला कुलूप लावून बघत होती.

मी म्हटलं, "तिसरं गठळं कुनाचं?"

"माझं."

"तुमी कुठं?"

"त्यांच्या छावनीत. पोरगी माझ्याबिगर जेवत न्हाई."

"आवं, तिथं तुमाला कोन घेनार? तुमी काय लंकेच्या हाय?"

"बगू. बाहेर बसंन."

"आनि रान?"

"तुमी करा. झाड तर अर्धं तुमच्यातच हाय."

मी घरात गेलो. ट्रंकेतनं डिस्चार्जचं पुस्तक काढलं, टोपी घातली आणि उंब्रजला चालत गेलो. एसटीला थांबलो असतो तर माघारी फिरलो असतो. सभेनं हरकत लिहून दिलेली नव्हती, तेवढं जमादारांना पुरलं; त्यांनी कागद पुढं केला. मी सही केली, मोत्यासारखी. जमादारांनी माझं पुस्तक उघडून बघितलं आणि म्हणाले, "लांगरी?" मी म्हटलं, "व्हय. लांगरी." घरी आल्यावर मी वैनीला एवढंच सांगितलं, "कुलूप काढा." माफी मागितली नाही. अजून मागितलेली नाही.

परवानगी आली, पण अट घालून. दर सोमवारी बाई आणि पोर यांनी ठाण्यात हजर राहून नोंद करायची, जामीनदारानं बरोबर यायचं. एक सोमवार चुकला तर परवानगी रद्द. सुरुवातीला वाटलं चार महिने असेल. पाच वर्षं झाली तरी संपलं नाही. पावसात, लग्नसराईत, हळदीच्या घाईत, माझ्या गुडघ्याच्या दुखण्यात, सोमवार आला की चौघं एसटीत. वैनीचं तिथं काही काम नसायचं, तरी यायची. ठाण्याच्या बाकावर पोरगी धडे गिरवायची. वैनीनं तिचं नाव मालन ठेवलं होतं. जमादार तिला पाढे विचारायचे. वैनी जमादारांना म्हणायची, "सायेब, चोर सोडून तुमी आमच्याच मागं का ओ?" ते म्हणायचे, "आजी, चोर सोमवारी येत न्हाईत." पाच वर्षं तोच विनोद, आणि पाच वर्षं दोघं हसायचे. मला मात्र कंटाळा यायचा. अजून येतो.

गाव बदललं असं मी म्हणणार नाही. शिवा शेवटपर्यंत बोलला नाही. त्याचा भाऊ मात्र एकदा कुबड्या टेकत आला, सेल्वी हळद निवडत होती तिथं खाटेवर बसला आणि तिच्या गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, "देवळाच्या मागं हीर हाय तिथं. पानी लय ग्वाड." सेल्वीनं तोंडावर पदर घेतला. तो उठून गेला. पुन्हा कधी आला नाही.

गेल्या वर्षी वैनीच्या पोटात गाठ निघाली. कराडच्या डॉक्टरनं सांगलीला न्यायला सांगितलं. मोठ्या दवाखान्यात ठेवली. सेल्वी आणि मालन रात्रंदिवस तिथंच. मी येऊन जाऊन. रविवारी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, जवळची माणसं असतील तर जवळ ठेवा. मी सेल्वीला सांगितलं. ती आता आमच्यासारखीच बोलते. म्हणाली, "मामा, उद्या मी जानार न्हाई. काय हुईल ते हुईल."

सकाळी वैनी जागी झाली आणि पहिलं विचारलं, "आज वार कंचा?"

मालन तिचे केस विंचरत होती. वैनीनं तिचा हात धरला. "वार कंचा गं?"

पोरगी खोटं बोलायला शिकलेली नाही. "सोमवार," म्हणाली.

"मग हितं काय करताय? कराडची गाडी गेली का ऱ्हायली?"

सेल्वी म्हणाली, "आय, मी न्हाई जात."

"न्हाई जात म्हंजे? पाच वरसं ह्येच्यासाठी घातली व्हय? मी काय, आज हाय उद्या न्हाई. तुला अजून लय सोमवार काढायचं हायत. भाऊजी, उठवा हिला."

मी म्हटलं, "वैनी, जमादारांना सांगंन मी. माणूस हाय, समजून घेतील."

"ते घेतील. त्यांच्या वरचा घेईल? त्येच्या वरचा? तुमी वळखता वरच्याला? मी न्हाई वळखत. निघा."

तिच्याशी वाद घालण्यात मी जन्म घालवला, पण त्या दिवशी मी पिशवी उचलली. आम्ही गेलो. दुपारी उंब्रजच्या ठाण्यात सेल्वीनं सही केली, मालननं केली, मी केली. जमादारांनी आजी कुठं म्हणून विचारलं. साधारण त्याच सुमाराला वैनी गेली, असं नंतर नर्सबाईंनी सांगितलं. जवळ कोणी नव्हतं. मी याबद्दल कुणाला दोष देत नाही. दमलोय आता. दर सोमवारी तिघं जातो. मी आहे तोवर जाईन. माझ्यामागं जामीन कोण राहणार, हे मास्तरांनी पुस्तक वाचणाऱ्यांना विचारावं.

निघताना मी वॉर्डाच्या दारातनं मागं बघितलं होतं. वैनी खाटेवर उठून बसली होती. पाय खाली सोडलेले, जमिनीला टेकत नव्हते. शेजारच्या बाईला मोठ्यानं काहीतरी सांगत होती. आम्ही अजून दारातच आहोत हे दिसलं तशी तिनं बोलणं न थांबवता हात वर केला आणि अंगणातल्या कोंबड्या हाकलतात तसा दोन-तीनदा हलवला. मालन थांबली होती, तिला मी खांद्याला धरून पुढं केलं.